ग्रीस नव्हे, तेल!

गेली दोन वर्षं होस्टेलमध्ये मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे 'ट्रनियन' म्हणतात. मेसच्या मावशीसुद्धा "ट्रनियन, अजून एक पोळी घे" म्हणतात. त्यांना वाटतं ते माझं आडनाव आहे! दोष माझाच. सेकंड इयरच्या दिवाळीपासून रोज रात्री जेवताना मी हा शब्द इतक्या वेळा उच्चारला, की रूम पार्टनर कानात हेडफोन घालून जेवायला लागला. मॅगझिनसाठी "काहीतरी लिही" असं सरांनी सांगितलं, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. म्हणजे पुढच्या बॅचला तरी त्रास नको.

गोष्ट आहे आमच्या आबांच्या गाडीची. आबा म्हणजे माझे आजोबा. गाव राहुरी तालुक्यात, मुळा कालव्याच्या बाजूला. घरामागे कांद्याची चाळ आणि चाळीला लागून पत्र्याचं शेड. त्या शेडमध्ये विटांवर चढवून ठेवलेली एक दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. १९६६ चं मॉडेल. आबांनी १९७५ साली उसाच्या पैशातून ती सेकंडहँड घेतली. १९८६ पासून मात्र ती जागेवरून हललेली नव्हती. लहानपणी आम्ही तिच्यात बसून तोंडाने हॉर्न वाजवायचो आणि कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या.

आमचा जिल्हा गाड्यांच्या बाबतीत तसा मागे नाही. लूना नगरच्याच कारखान्यात तयार व्हायची. लष्कराच्या गाड्या जिथे तपासून पाहतात ती व्हीआरडीई नगरलाच आहे. १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि तिथे चक्क एक रोल्स रॉईस चिलखती गाडी उभी आहे. पण हेराल्ड म्हटलं की होस्टेलची पोरं हसायची. "ती काय गाडी आहे का? डबा आहे डबा!" तेव्हा मी त्यांना जे ऐकवायचो ते इथेही ऐकवतो.

ट्रायम्फ हेराल्ड ही गाडी इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचं डिझाईन जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती भारतात 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनवायला सुरुवात केली. इंजिन ९४८ सीसी. चेसिस वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटं उघडतं, त्यामुळे पुढच्या टायरवर बसून आरामात काम करता येतं. ती २५ फुटांच्या वर्तुळात फिरते, म्हणजे आमच्या अंगणात वळते! आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. १९६२ साली ट्रायम्फने जी स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार काढली, तिचं पुढचं सस्पेन्शन हेराल्डचंच. कॉलिन चॅपमनच्या लोटस सेव्हन आणि इलान या गाड्यांतही याच घराण्यातले अपराइट होते. म्हणजे जगभर लोक जिला क्लासिक स्पोर्ट्स कार म्हणून पुसून-पुसून ठेवतात, तिचा पुढचा निम्मा भाग आमच्या कांद्याच्या चाळीशेजारी कोंबड्यांच्या ताब्यात होता!

आता गाडी १९८६ ला का थांबली ते सांगायला हवं. त्या साली काका एकोणीस वर्षांचे होते. आजीला घेऊन ते राहुरीहून येत होते. कालव्याच्या पुलापाशी आमच्या वस्तीकडे वळताना गाडीचं डावं चाक आडवं झालं, नाक खाली गेलं आणि गाडी चारीत उतरली. वेग फार नव्हता, पण आजीचा हात मोडला. तो शेवटपर्यंत नीट सरळ झाला नाही. पोळपाट-लाटणं तिने त्यानंतर डाव्या हातानेच चालवलं.

काका तेव्हा एवढंच म्हणत होते की, "मी काही केलं नाही, चाक आपोआप गेलं." कोण ऐकतं? एकोणीस वर्षांचं पोरगं, नवीन लायसन. आबा म्हणाले, "पोरानं चाक खड्ड्यात घातलं." गावानेही तेच धरलं. काकांनी पुन्हा चारचाकीच्या स्टेअरिंगला हात लावला नाही. आधी लूना, मग स्कूटर. घरात २००९ साली जीप आली, तीही वडीलच चालवतात. लग्नकार्याला सगळे जीपमधून आणि काका मागून स्कूटरवर. हे आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी खोलायची असं जाहीर केलं. आबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः काठी टेकत शेडमध्ये येऊन हत्यारांची पेटी उघडून दिली. भिंतीवर खिळ्याला जुनी ग्रीस गन टांगलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दर अमावस्येला ग्रीस मारायचो. एक अमावस्या चुकवली नाही. म्हणून गाडी आसली टिकली." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मदतीला नगरचे एक चाचा मिळाले. वय सत्तरच्या वर. गॅरेज मुलांकडे सोपवलेलं. फियाट, ॲम्बेसेडर, हेराल्ड सगळं हाताखालून गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "इंजिनीअर साहेब, स्प्रिंगला घाबरता का?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "मग मी तुमच्याबरोबर काम करत नाही. घाबरणारा माणूस पायजे."

हेराल्डच्या पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन विशबोन असतात. त्यांच्या मध्ये उभा एक फोर्ज केलेला पोलादी तुकडा, त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. चाकाचा स्टब ॲक्सल याच्यातच बसतो. वरच्या टोकाला बॉल जॉइंट. खालच्या टोकाला मात्र बॉल जॉइंट नाही. तिथे लिंकला आटे पाडलेले असतात आणि ते आटे ब्राँझच्या एका ठोकळ्यात फिरतात. तो ठोकळा म्हणजे ट्रनियन! स्टेअरिंग फिरवलं की लिंक त्या आट्यांमध्ये नटासारखी थोडी वर-खाली होत वळते. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर खालच्या विशबोनवर टेकलेले, त्यामुळे गाडीच्या पुढच्या भागाचं वजन याच आट्यांवर लटकलेलं असतं. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट-सुलट, म्हणून ट्रनियन इकडचा तिकडे बसत नाही. ओरलला कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर हे एकत्रच बाहेर येतात. वर टरेटचे नट आणि खाली विशबोनमधला एक बोल्ट. खरी भीती त्यानंतर. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय वरचा नट सोडला, तर ती बंदुकीसारखी सुटते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये १० मिलीमीटर जाडीच्या दोन प्लेटा कापून, खाचा पाडून, तीन थ्रेडेड रॉड लावून आम्ही कॉम्प्रेसर बनवला. अर्धा के एक्स वर्ग हे सूत्र मी जर्नलमध्ये किती वेळा उतरवलं असेल, पण ते किती खरं आहे हे तीन नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळताना कळलं. मी आपोआप एका बाजूला सरकलो. चाचा खूश झाले. म्हणाले, "आता घाबरलात. आता काम करू."

उजवी बाजू खोलली. रबर बुश भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखे झाले होते. मग डावी बाजू. ती तर १९८६ मध्ये ट्रॅक्टरने ओढून आणली तशीच होती. त्या वेळी मिस्त्रीने पाहिलं, पार्ट मिळणार नाही म्हणाला आणि विषय तिथेच संपला होता. स्टँडर्डने हेराल्ड बंद करून वर्षं झाली होती आणि पुढे १९८० चं दशक संपता-संपता कंपनीच्या गाड्याही थांबल्या.

डावी लिंक खालून तुटलेली होती. आट्यांचं टोक ट्रनियनमध्येच अडकून राहिलेलं. चाचांनी हातात घेतलं, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासलं, उजेडात धरलं आणि माझ्या हातात दिलं. काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमच्या सरांना दाखवा."

मी तो तुकडा रुमालात बांधून होस्टेलवर आणला. मटेरियल सायन्सच्या सरांनी तो लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला बघायला लावलं. इतक्या वर्षांच्या गंजाने बारीक खुणा गेल्या होत्या, पण मोठा आकार स्पष्ट होता. तुटलेल्या पृष्ठभागाचा सुमारे दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषांचा. उरलेला भाग खडबडीत, ओढून तोडल्यासारखा. हे चित्र आम्ही थिअरीत काढतो, पाच मार्कांना येतं. फटीग फ्रॅक्चर. आट्याच्या तळाशी गंज लागतो, गंजाचा खड्डा पडतो, तिथून भेग सुरू होते. वळणावर, खड्ड्यावर, रोज थोडी-थोडी पुढे सरकते. शेवटी उरलेल्या धातूला वजन पेलत नाही आणि एका क्षणात तुकडा पडतो. बहुतेक वेळा हे हळू चालताना, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर होतं, कारण ताण तेव्हाच जास्त येतो.

सर म्हणाले, "ही भेग अपघाताच्या दिवशी पडलेली नाही. आधीपासून होती. त्या दिवशी फक्त संपली."

मी लॅबमधून पळतच बाहेर आलो. म्हणजे काका खरं बोलत होते! चाक आपोआपच गेलं होतं! तेव्हाच्या तेव्हा घरी फोन लावणार होतो. नंबरही काढला. आणि मग एक प्रश्न डोक्यात आला, जो आधी यायला हवा होता. आट्याला गंज लागलाच का? दर अमावस्येला ग्रीस मिळत होतं ना?

उत्तर ट्रनियनमध्येच होतं. खालचा पोकळ भाग साबणाच्या वडीसारख्या घट्ट झालेल्या ग्रीसने भरलेला आणि वरचे आटे कोरडे, गंजाने खाल्लेले. गाडीचं मूळ पुस्तक आबांच्या ट्रंकेत होतं. मी ते मागवून घेतलं. वंगणाच्या पानावर स्पष्ट होतं की या ठिकाणी ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं. प्लग काढून तात्पुरतं निप्पल लावायचं, गनमध्ये तेल भरायचं आणि वरून तेल बाहेर येईपर्यंत दाबायचं. तेल पातळ असतं, ते आट्यांच्या फटीतून वर चढतं आणि पाण्याला आत येऊ देत नाही. ग्रीस तळाशीच बसतं, काही वर्षांनी सुकतं, आणि मग नवं ग्रीसही आत जात नाही. वरून गन मारणाऱ्याला वाटतं, आपण गाडीची सेवा करतोय.

पुस्तक इंग्रजीत होतं. आबा सातवी शिकलेले. गाडी घेतली तेव्हा प्लगच्या जागी ग्रीसचं निप्पल कुणीतरी कायमचं बसवून ठेवलेलं होतं. निप्पल दिसलं की कुणीही ग्रीसच मारणार. मीसुद्धा मारलं असतं.

मी फोन केला नाही. त्या रात्री मेसमध्ये पहिल्यांदाच मी ट्रनियनबद्दल एक शब्द बोललो नाही. एकाला निर्दोष ठरवायचं तर दुसऱ्याच्या अभिमानाला हात घालावा लागत होता, आणि तो दुसरा ब्याऐंशी वर्षांचा होता. शेवटी मी आपल्याला जे जमतं तेच केलं. पी.एल.चं कारण सांगून विषय पुढे ढकलला आणि गाडीच्या कामात डोकं घातलं.

काम बाकी खूप होतं. नवे ट्रनियन इंग्लंडहून पोस्टाने आले. स्पिटफायरवाल्यांच्या कृपेने ते अजून बनतात. लिंक मात्र जुन्या बाजारातून शोधली. पहिली मिळालेली लिंक दिसायला एकदम छान. तिची लॅबमध्ये डाय पेनिट्रंट टेस्ट केली. लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. दहा मिनिटांनी पांढऱ्यावर आट्याच्या मुळाशी केसाएवढी एक लाल रेघ उमटली. तिथेही भेग! डोळ्याला काही दिसत नव्हतं. ती लिंक मी कापून टाकली, पुन्हा कुणाच्या गाडीत जायला नको म्हणून. त्या दिवशी लाल झालेले हात घेऊन मी मेसमध्ये गेलो आणि मावशींनी घाबरून हळद आणली होती. हाच तो प्रसिद्ध प्रसंग. दुसरी लिंक तीन महिन्यांनी मिळाली. ती स्वच्छ निघाली.

ब्रेकची तऱ्हा त्याहून वाईट. चारही चाकांना ड्रम. शू ड्रमला चिकटून बसलेले, व्हील सिलिंडरचे पिस्टन जाम, मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलचा चिकट थर. ड्रम उघडल्यावर चाचा सवयीने तोंडाने धूळ फुंकायला गेले. मी त्यांचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतं, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसायची. चाचा म्हणाले, "पन्नास वर्षं फुंकतोय बेटा." आणि मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी मास्क लावला.

ड्रम वर्कशॉपच्या लेथवर लावून डायल गेज धरला तर सुई नाचायला लागली, इतके ते अंडाकृती झाले होते. हलकेच टर्न केले. शूला नवीन लायनर नगरमधून मारून आणले. हेराल्डला ब्रेकचं एकच सर्किट. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक गेलं तरी दुसरं थांबवतं. इथे एका जागी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून काटकसर केली नाही. होज, पाइप, रबर किट सगळं नवीन. ब्रेक ऑइलचा नवा डबाच फोडायचा, उघडा राहिलेला नाही. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. मग उतारावर वाफ होते आणि पॅडल फरशीला टेकतं. आणि कृपा करून त्यात इंजिन ऑइल टाकू नका, रबर फुगून बसतं. म्हणजे तेल कुठे घालायचं आणि कुठे नाही, हेच आमच्या गाडीचं सगळं शास्त्र!

हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मी पॅडलवर, चाचा खाली. "दाब... धर... सोड." पहिल्या दिवशी पॅडल दाबून धरलं तर हळूहळू खाली जायला लागलं. पुढच्या डाव्या चाकाजवळ एका पाइपचा फ्लेअर नीट बसला नव्हता, तिथे घामासारखा थेंब. पाइप पुन्हा केला. चाचांची अंतिम परीक्षा अशी की एक बिडी संपेपर्यंत पॅडलवर पूर्ण जोराने पाय. पॅडल हललं नाही, पाय मात्र सुन्न झाला.

एक चूक माझी स्वतःची, तीही लिहितो. सस्पेन्शन जोडताना गाडी जॅकवर असतानाच मी विशबोनचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने जोरात आवळले. गाडी खाली उतरवली तर पुढून बेडकासारखी तोंड वर करून उभी! रबर बुश लटकलेल्या स्थितीत पकडले गेले होते. चाचा पोट धरून हसले. मग सगळे बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, सीटवर सिमेंटच्या गोण्या ठेवल्या, दोन-चारदा दाबून हलवली आणि मग आवळलं. गाडीने मान खाली घातली.

आता शेवटचं काम उरलं ट्रनियनमध्ये तेल भरण्याचं. २०२४ च्या दसऱ्याची सुट्टी होती. खंडेनवमीला आबांनी सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावलं होतं, ग्रीस गनलाही. मी ती खाली घेतली, रॉकेलने आतून स्वच्छ केली आणि तिच्यात गिअर ऑइल ओतायला लागलो. आबा खाटेवर बसून बघत होते.

"ग्रीस गनमदी तेल कशाला रे?"

मी तयारी केलेली सगळी वाक्यं विसरलो. म्हटलं, "आबा, इथे तेलच लागतं."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे."

"वाच."

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "ग्रीस मारलं तर काय होतं?" मी उत्तर दिलं नाही. त्यांनी हात पुढे केला. रुमालातला तुकडा तिथेच बाकड्यावर होता. तो त्यांनी घेतला, अंगठा त्या गुळगुळीत भागावरून फिरवला, मग खडबडीत भागावरून. शेतकऱ्याचा अंगठा आहे, त्याला मायक्रोस्कोप लागत नाही. "हे जुनं," म्हणाले. "आन् हे त्या दिवशीचं." मी मान हलवली. ते उठून घरात गेले.

रात्री सगळे जेवायला बसले होते. आबांनी तो तुकडा काकांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, "तुझी चूक नव्हती. तेल पायजे होतं, मी ग्रीस मारत गेलो."

कुणीच काही बोललं नाही. आई भाकरी थापायची थांबली. काकांनी तुकड्याकडे पाहिलं, पण उचलला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "जेवून घ्या आबा, भाकरी गार होती." एवढंच. अडतीस वर्षांच्या गोष्टीवर एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. काका ओरडतील, निदान रडतील. ते उठले, हात धुतले आणि मोटर चालू करायला विहिरीवर गेले. त्या रात्री बराच वेळ ते आलेच नाहीत. आजी हे ऐकायला नव्हती, ती २०१६ ला गेली.

दिवाळीत गाडी बाहेर काढली. काम सुरू केलं तेव्हा आमचा जिल्हा अहमदनगर होता आणि गाडी चालली तेव्हा तो अहिल्यानगर झाला होता, एवढा वेळ लागला! पासिंग झालेलं नसल्यामुळे आमच्याच शेतातल्या रस्त्यावर, विहिरीपर्यंत आणि परत. दोरी आणि खडूने चाकांचं टो-इन जुळवलेलं होतं. आबा मागे बसले. ते काकांना म्हणाले, "तू घे." काका म्हणाले, "नको. त्याला घेऊ द्या." आणि डाव्या सीटवर बसले.

मी हळू चालवत होतो. विहिरीपाशी पूर्ण डावीकडे वळायचं होतं. मी स्टेअरिंग फिरवलं तेव्हा काकांचा उजवा पाय खाली जोरात दाबला गेलेला मला दिसला. तिथे पॅडल नव्हतं. चाक वळलं, गाडी वळली. ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. काकांनी पाय हळूच मागे घेतला. मागून आबा म्हणाले, "वाजत नाही कुठं." गाडीबद्दल त्या दिवशी बोललं गेलेलं हे एकमेव वाक्य.

सबमिशनच्या धामधुमीत मी परत होस्टेलवर आलो. डिसेंबरात एके रात्री काकांचा फोन. ते कधी मला फोन करत नाहीत, म्हणून घाबरून उचलला. म्हणाले, "ते तेल परत कधी घालायचं?" मी म्हटलं, सहा महिन्यांनी घातलं तरी चालेल. "बरं," म्हणाले आणि ठेवला. आईकडून नंतर कळलं, त्या आठवड्यात त्यांनी गाडी शेडमधून बाहेर काढून धुतली होती. ढकलून नाही, चालू करून.

संक्रांतीला घरी गेलो तर शेडमध्ये ग्रीस गन तिच्याच खिळ्याला होती. तिच्याखाली भिंतीवर चुन्याने, आबांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'यात तेल. ग्रीस नाही.'